जुन्या त्वचारोगात सुधारणा मोजायची कशी: खाज, फोटो, मलम आणि वहीची पूर्ण पद्धत

फॉलोअपला गेलं की डॉक्टर विचारतात, "मागच्या वेळेपेक्षा कसं आहे?" आणि आपण म्हणतो, "तसं बरं आहे." हे "तसं बरं" बहुतेक वेळा गेल्या दोन-तीन दिवसांचंच असतं. काल रात्री खाजेने झोप लागली नसेल तर अख्खा महिनाच वाईट गेल्यासारखा वाटतो, आणि आज सकाळी त्वचा मऊ लागली तर मधले पंधरा दिवस रक्त येईपर्यंत खाजवलं होतं ते डोक्यातून निघूनच गेलेलं असतं. आणि औषध वाढवायचं की कमी करायचं, बदलायचं की अजून थोडं थांबायचं हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. मी बरीच वर्षं हाताच्या आणि मानेच्या एक्झिम्यासोबत राहतेय आणि माझं ठाम मत आहे की जुन्या स्किन प्रॉब्लेममध्ये नोंद ठेवणं हा उपचाराचाच एक भाग आहे, मलमाइतकाच. फक्त ती नोंद छोटी पाहिजे, रोज जमणारी पाहिजे, आणि ती वाचायची आठवड्याच्या नाहीतर महिन्याच्या हिशोबाने. एकेका दिवसाकडे बघून काहीच कळत नाही, उलट घाबरायला होतं.

खाली सगळी पद्धत सांगते. मुख्य उदाहरणं एक्झिमा म्हणजे इसब आणि सोरायसिसची आहेत, पण पित्ताच्या गांधी, पांढरे डाग यांनाही थोड्या बदलाने हेच चालतं.

सुरुवातीला निदान पक्कं आहे ना ते बघा

हे सगळ्यात आधी, कारण चुकीच्या आजाराची कितीही छान नोंद ठेवली तरी उपयोग नाही. विशेषतः गोलाकार चट्टा, कडा उठावदार आणि मधला भाग साफ असं काही असेल आणि स्टेरॉइडचं मलम लावलं की चार दिवस बरं वाटून मलम थांबवल्यावर आधीपेक्षा जास्त पसरत असेल, तर तो नायटा म्हणजे फंगल इन्फेक्शन असू शकतं. स्टेरॉइडने त्याची खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आरामात वाढत राहते आणि चट्ट्याचं रूपच बदलून जातं, मग ओळखणं अजून अवघड होतं. तेव्हा कोणीतरी सांगितलेलं मलम वर्षभर लावत असाल आणि त्वचारोगतज्ज्ञांनी एकदाही नीट बघितलेलं नसेल तर वही नंतर उघडा, आधी दाखवून या.

"बरं होणं" म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवा

एक्झिमा आणि सोरायसिस दोन्ही चढ-उताराचे आजार आहेत, कधी भडकतात कधी शांत होतात. त्यामुळे "एकदाचं गेलं पाहिजे" एवढं एकच माप ठेवलं तर प्रत्येक फ्लेअर, म्हणजे आजार पुन्हा भडकला की सगळं वाया गेलं असं वाटतं. त्यापेक्षा पहिल्या पानावर तुमच्यासाठी सुधारणा म्हणजे काय ते साध्या शब्दांत लिहा. रात्री न उठता झोप लागणे, भांडी घासताना हाताची आग न होणे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालता येणे, दोन फ्लेअरमधलं अंतर वाढणे, असं काहीही, पण तुमच्या रोजच्या जगण्यातलं. तीन गोष्टी पुरे.

आणि वेळेची कल्पना ठेवा. त्वचेचा वरचा थर पूर्ण नवीन व्हायला साधारण चार आठवडे लागतात, सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम काही दिवसांतच उरकलं जातं म्हणून तिथे पांढरे पापुद्रे साचतात. एखाद्या उपचाराने हा वेग जागेवर यायला आठवडे जाणारच, तीन दिवसांत निकाल लावू नका.

पहिला आठवडा: आत्ता आहे तसं पकडून ठेवा

नवीन काही सुरू करायच्या आधीची स्थिती नोंदवलेली नसेल तर पुढे तुलना कशाशी करणार? डॉक्टरांनी औषध आजपासून सुरू करायला सांगितलं असेल तर नोंदीसाठी अजिबात थांबू नका, आजच्या आज फोटो काढा, आजचा स्कोर लिहा आणि औषध सुरू करा. पण तुम्ही स्वतःहून साबण, मॉइश्चरायझर किंवा डिटर्जंट बदलायचा विचार करत असाल तर एक आठवडा काही न बदलता फक्त नोंद करा.

एका कागदावर माणसाच्या दोन साध्या आकृत्या काढा, पुढून आणि मागून. सुंदर यायची गरज नाही. जिथे जिथे चट्टे आहेत तिथे पेन्सिलने भरा आणि बाजूला अंदाजे किती तळवे भरतील ते लिहा. तुमचा स्वतःचा तळवा, बोटं जोडून, म्हणजे तुमच्या शरीराच्या त्वचेचा साधारण १ टक्का. चट्ट्यावर हात ठेवत ठेवत मोजलं की "खूप पसरलंय" च्या जागी "सहा तळवे" असा आकडा मिळतो. हा नकाशा महिन्यातून एकदाच करायचा.

रोजची नोंद: एका मिनिटाच्या वर नको

रोज चारच गोष्टी. गेल्या २४ तासांत खाज जास्तीत जास्त किती होती, ० ते १० मध्ये. झोप मोडली का आणि किती वेळा. मलम आणि मॉइश्चरायझर लावलं का. आणि काही वेगळं घडलं असेल तर तेवढं, दोन-चार शब्दांत. बस.

माझी एखाद्या दिवसाची ओळ अशी असते: "मंगळ. खाज ६. झोप एकदा मोडली, मान. मलम रात्री हो, मॉइश्च. दोनदा. दुपारी घामात बराच वेळ." एवढ्यावर दोन महिन्यांनीसुद्धा तो दिवस कसा गेला ते कळतं, जास्त लिहायला गेलं तर कंटाळून वही बंद पडते आणि बंद पडलेल्या सविस्तर वहीपेक्षा चालू असलेली तुटपुंजी वही कितीतरी कामाची.

आकडा देताना एक करा, ०, ५ आणि १० म्हणजे तुमच्यासाठी काय ते एकदा ठरवून वहीच्या कव्हरवर लिहा. उदाहरणार्थ ५ म्हणजे कामात असताना लक्ष तिकडे जातं पण हात आवरता येतो, १० म्हणजे काहीही सुचत नाही, रक्त आलं तरी हात थांबत नाही. नाहीतर मार्चमधला ६ आणि जूनमधला ६ वेगवेगळे होतात. आणि नोंदीची वेळ ठरलेली ठेवा, सकाळी उठल्यावर म्हणा किंवा झोपायच्या आधी. दिवसभर सारखं स्वतःला "आता किती खाजतंय" विचारत बसू नका, लक्ष तिकडे नेलं की खाज वाढते हे ज्याला आहे त्याला सांगायला नको. एखादा दिवस राहिला तर राहू द्या, आठवणीतून भरायचा नाही, रिकामी जागा चालते.

पित्ताच्या गांधी रोजच्या रोज उठतात आणि मावळतात म्हणून तिथे माप थोडं वेगळं आहे: रोज गांधींना ० ते ३ आणि खाजेला ० ते ३ गुण, सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२. याला यूएएस७ म्हणतात आणि डॉक्टर ते लगेच ओळखतात.

आठवड्यातून एकदा: सात प्रश्न

एक्झिम्यासाठी पोएम नावाची प्रश्नावली आहे, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये तयार झालेली, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली, आणि ती खास पेशंटने स्वतः भरायचीच आहे. गेल्या आठवड्यात किती दिवस हे झालं एवढंच विचारतात: खाज, झोप मोडणं, रक्त येणं, पाणी किंवा लस येणं, भेगा पडणं, पापुद्रे निघणं, आणि त्वचा कोरडी खरखरीत वाटणं. एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज असेल तर ४. सगळी बेरीज २८ पर्यंत जाते. ० ते २ म्हणजे त्वचा जवळपास साफ, ३ ते ७ सौम्य, ८ ते १६ मध्यम, १७ ते २४ तीव्र आणि त्याच्या वर अतितीव्र.

मला हे माप आवडतं कारण यात "किती वाईट" असं विचारतच नाहीत, "किती दिवस" विचारतात, आणि दिवस मोजणं भावना मोजण्यापेक्षा सोपं आहे. रविवारी रात्री भरायचं ठरवलं तर दर रविवारीच भरा. एक-दोन गुण इकडेतिकडे झाले तर त्यात खुश किंवा नाराज होण्यासारखं काही नाही, साधारण ३-४ गुणांचा फरक पडला आणि तो पुढच्या आठवड्यातही टिकला तर खरंच काहीतरी बदललंय असं धरा.

सोरायसिस आणि बाकी आजारांसाठी डीएलक्यूआय आहे, कार्डिफमध्ये १९९४ साली केलेली दहा प्रश्नांची यादी, एकूण गुण ३०. यात कपडे, कामधंदा, खेळ, नातेसंबंध, उपचारात जाणारा वेळ असं सगळं येतं. १० च्या वर गेलं की आजार आयुष्यावर मोठा परिणाम करतोय असं मानतात. "थोडेच तर चट्टे आहेत" असं घरचे म्हणत असतात आणि आपणही तेच म्हणायला लागतो, अशा वेळी हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवणं फार उपयोगी, कारण चेहऱ्यावर किंवा जांघेत असलेला एकच चट्टा पाठीवरच्या दहा चट्ट्यांपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. हे महिन्यातून एकदा भरलं तरी चालेल. लहान मुलांसाठी वेगळी प्रश्नावली असते, आणि पोएम आई-वडिलांनी मुलाच्या वतीने भरता येतं.

फोटो: इथे सगळ्यात जास्त फसायला होतं

एकच चट्टा सकाळच्या उजेडात फिका दिसतो आणि रात्री पिवळ्या बल्बखाली भडक. मग फोटो बघून आपण जे ठरवतो ते त्वचेबद्दल नसतं, बल्बबद्दल असतं. म्हणून फोटोचे नियम कडक ठेवा, बाकी कुठे ढिलाई चालेल.

दिवस एकच, वेळ एकच, जागा एकच. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, पण थेट ऊन नको. फ्लॅश बंद, ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद, कारण आजकालचे फोन न विचारता त्वचा गुळगुळीत करतात. आंघोळीनंतर लगेच काढू नका, गरम पाण्याने सगळंच लाल दिसतं. मॉइश्चरायझर लावायच्या आधी काढा, लावल्यावर पापुद्रे दिसेनासे होतात आणि वर चमक येते. प्रत्येक जागेचे दोन फोटो, एक लांबून म्हणजे पूर्ण हात किंवा पूर्ण पाठ दिसेल असा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. कोपराच्या आतल्या बाजूचा फोटो असेल तर हात दर वेळी सरळ ताणूनच काढा, जरा वाकला तरी भेगा आणि सुरकुत्या लपतात. पाठीचा फोटो दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या आणि त्या माणसालाही हेच नियम सांगा.

दोन-तीन ठरावीक जागा निवडा, सगळं अंग नको. आठवड्यातून एकदा पुरे, पांढऱ्या डागांसाठी तर महिन्यातून एकदासुद्धा भरपूर, रंग परत यायला महिने लागतात आणि तो बऱ्याचदा केसांच्या मुळाशी बारीक ठिपक्यांनी सुरू होतो, म्हणून तिथे जवळचा फोटो महत्त्वाचा. अल्बम वेगळा ठेवा आणि फॅमिलीसोबत आपोआप शेअर होत नाही ना ते बघून घ्या.

आता सावळ्या-गव्हाळ त्वचेबद्दल, कारण इंटरनेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. आपल्याकडे सूज असलेला भाग लालभडक दिसेलच असं नाही, जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसू शकतो. आणि आजार शांत झाल्यावर जो काळसर किंवा फिका डाग मागे राहतो तो महिनोन्‌महिने राहतो. लोक तो डाग बघून "अजून गेलंच नाही" म्हणत स्टेरॉइड लावत राहतात. तसं करू नका. डोळ्याने कळत नसेल तर बोटाने बघा: जागा खरखरीत आहे का, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जाड लागते का, खाजते का. तिन्हीचं उत्तर नाही असेल आणि फक्त रंग उरला असेल तर तो बहुतेक मागे राहिलेला डाग, चालू आजार नव्हे, पण मलम थांबवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. वहीत मी जाडी आणि रंग वेगळे लिहिते, "जाडी ० ते ३" आणि "रंग: तसाच/फिकट", आणि या एका सवयीने माझी बरीच धाकधूक कमी झाली.

मलमाचा हिशोब

"औषध लागू पडत नाही" असं वाटतं तेव्हा आधी ट्यूब किती दिवस पुरली ते बघा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि तेवढं दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरतं. म्हणजे चार तळवे चट्टा असेल तर एका वेळेला दोन रेघा, १ ग्रॅम. दिवसातून एकदा लावायला सांगितलं असेल तर ३० ग्रॅमची ट्यूब महिन्यात संपली पाहिजे. ती तीन महिने चालली असेल तर तुम्ही औषध सांगितलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याने लावताय, मग औषधाला दोष कसा द्यायचा? आणि उलट, दहा दिवसांत संपत असेल तर तेही डॉक्टरांना कळायला हवं. सोपं काम आहे, ट्यूब उघडली की तिच्यावर मार्करने तारीख टाका, संपली की वहीत लिहा. मॉइश्चरायझरचंही तसंच, अंगभर एक्झिमा असेल तर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागू शकतं, चिमूटभर लावून काही होत नाही.

पोटातली औषधं चालू असतील तर तारीख आणि रक्ततपासणीची नोंद ठेवा. मेथोट्रेक्सेट असेल तर ती त्वचेच्या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करून ठेवा. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, सोरायसिसमध्ये तर त्याने आजार उसळून येऊ शकतो.

कशाने भडकतं ते शोधणं

हा भाग प्रत्येकाला आधी करावासा वाटतो आणि मी तो मुद्दाम उशिरा ठेवलाय, कारण महिनाभराची नोंद हाताशी नसताना कारण शोधायला गेलं की सगळ्यावरच संशय येतो.

अडचण अशी आहे की आपण उपाय बदलतो तो त्रास शिखरावर असताना, आणि चढ-उताराचा आजार शिखरावरून तसाही खाली येतोच. मग जे शेवटी केलं त्याला श्रेय जातं. म्हणून एका वेळेला एकच बदल, आणि तो किमान तीन-चार आठवडे. खरंच खात्री करायची असेल, आणि ती गोष्ट साबण-डिटर्जंटसारखी असेल (औषध नाही!), तर ती परत वापरून बघा. दोनदा तेच झालं तर मानायला जागा आहे.

दुसरं म्हणजे उशीर. ॲलर्जीचं रिॲक्शन लगेच येतं असं नाही, हातमोजे, मेटल, हेअर डाय, परफ्यूम यांची कॉन्टॅक्ट ॲलर्जी एक ते तीन दिवसांनी उठू शकते. म्हणूनच पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशय असलेले पदार्थ त्वचेवर चिकटवून करायच्या ॲलर्जीच्या तपासणीत, पाठीवरच्या पट्ट्या साधारण ४८ तासांनी काढतात आणि नंतर अजून एकदा बघतात. सोरायसिसमध्ये तर घसा दुखून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी अंगभर बारीक ठिपके उठू शकतात, आणि जिथे खरचटलं तिथे पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत नवीन चट्टा येऊ शकतो. तेव्हा फ्लेअर आला की फक्त कालचं पान बघू नका, मागचे तीन आठवडे चाळा: नवीन औषध, आजारपण, जागरण, घाम, हवेतला बदल, ताण, आणि मलम चुकलेले दिवस. शेवटचं सगळ्यात आधी बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतं.

खाण्याबद्दल एवढंच म्हणेन की वहीतल्या दोन-चार योगायोगांवरून एकामागून एक पदार्थ बंद करू नका, मुलांच्या बाबतीत तर अजिबात नको, वाढीचा प्रश्न असतो. संशय असेल तर नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.

महिन्याच्या शेवटी वाचायचं कसं

अर्धा तास काढा आणि पाच आकडे काढा: खाजेची सरासरी, खाज ७ किंवा वर असलेले दिवस, झोप मोडलेल्या रात्री, पोएमचा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी स्कोर, आणि मलम लावलेले दिवस. हे पाच आकडे मागच्या महिन्याच्या शेजारी लिहा. सरासरी तशीच असली तरी वाईट दिवस कमी झाले असतील तर ती सुधारणाच आहे. फ्लेअर आला पण दोन आठवड्यांऐवजी पाच दिवसांत बसला, हीसुद्धा. हे रोजच्या जगण्यात जाणवत नाही, कागदावर दिसतं.

सगळं एकदम सुधारत नाही हेही लक्षात असू द्या. एक्झिम्यात बऱ्याचदा पाणी सुटणं आणि खाज आधी कमी होते, खाजवून खाजवून जाड झालेली त्वचा मऊ व्हायला खूप वेळ लागतो आणि रंग सगळ्यात शेवटी. सोरायसिसमध्ये पापुद्रे आणि जाडी आधी उतरते, लाली रेंगाळते. त्यामुळे फोटो तसाच दिसतोय आणि खाज ७ वरून ४ वर आलीय, तर उपचार सोडू नका.

डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही नेऊ नका, कोणाकडे तेवढा वेळ नसतो. एक पान करा: पाच आकडे दोन-तीन महिन्यांचे, पहिला आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी, ट्यूब किती लागल्या, आणि तुमचे दोन प्रश्न. माझा अनुभव असा की हे पान समोर ठेवलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

वही बाजूला ठेवून लगेच दाखवायचं

अंगावर ताप आणि एक्झिम्याच्या जागी दुखणारे, एकसारखे दिसणारे बारीक फोड किंवा खड्डे पडल्यासारख्या जखमा एकदम वाढल्या तर त्याच दिवशी हॉस्पिटल, तो हर्पीसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, डोळ्याजवळ असेल तर अजूनच घाई करा. पिवळट खपल्या, पू, गरम आणि ठणकणारी सूज, किंवा जवळजवळ सगळं अंग लाल होऊन थंडी वाजणं, यातही थांबायचं नाही. पित्ताच्या गांधींसोबत ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. सोरायसिस असेल आणि सकाळी सांधे अर्धा तासाहून जास्त आखडत असतील, बोट सुजत असेल किंवा टाच दुखत असेल तर ते नोंदवा आणि लवकर सांगा, सांध्यांचं नुकसान झालं की भरून निघत नाही.

नोंदीचाच त्रास व्हायला लागला तर

काहींना वही उघडली की पोटात गोळा येतो, दिवसातून पाच वेळा आरसा, दहा फोटो, आणि मूड सगळा आकड्यावर. तसं होत असेल तर रोजची नोंद बंद करा आणि फक्त रविवारचे सात प्रश्न ठेवा, फोटो महिन्यातून एक. तरीही मन उदास, कुठे जावंसं वाटत नाही, लोकांना टाळावंसं वाटतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तेसुद्धा त्वचेच्या डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, त्याच्यावरही उपचार असतात आणि ते मागण्यात कमीपणा काही नाही.

आणि त्वचा सलग दोन-तीन महिने शांत राहिली तर सगळं गुंडाळून टाकू नका, नुसतं हलकं करा. महिन्याला एक पोएम, एक फोटो आणि ट्यूबची तारीख. काही जणांना शांत काळातही जुन्या जागांवर आठवड्यातून दोनदा मलम लावायला सांगितलेलं असतं, ते चालू आहे का तेवढं टिकमार्क करा. पुन्हा खाज सलग तीन दिवस ५ च्या वर गेली की रोजची ओळ परत सुरू करायची, आणि पहिल्याच दिवशी फोटो, मलम लावायच्या आधी.